गोफण नेईन

अमेरिकेत, मोंटानात उद्या एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, शिकारीचा पहिला दिवस, आणि क्लाइडने साच्यात दाबून नीट केलेली काडतुसाची एकही जुनी पितळी पुंगळी रायफलीत बसेना. गेल्या वर्षी एल्क त्याने पाडला होता आणि बायकोला, वर्नाला, अख्खा हिवाळा तेच ऐकवलं होतं.

"साचा वर सरकला असेल रे, पुंगळी पुरती दाबली जात नसेल," वर्ना गॅरेजच्या दारातून म्हणाली.

"मी बसवलेला साचा हलत नसतो. पितळच भिकार आहे."

"मग माझी दुकानातून आणलेली काडतुसं ने."

"त्यापेक्षा गोफण नेईन."

सकाळी क्लाइड पुंगळ्या घासत बसला आणि वर्ना आपली रायफल घेऊन एकटीच डोंगराकडे निघाली.



साचा अर्धा फेरा वर तिनेच फिरवला होता, आणि खरं सांगितलं की नवरा हमखास ऐकत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.