ओटी

आफ्रिकेतून विलायतेला नेऊन, प्रदर्शनात तिकीट लावून दाखवलेली ती बाई तिकडेच वारली. एका इंग्रज डॉक्टरने तिची हाडं पुण्याच्या संग्रहालयात आणून ठेवली. शंभर वर्षांनी आज ती मायदेशी निघाली होती. पेटी बंद व्हायच्या आधी, तिथे झाडलोट करणाऱ्या सोजरबाईंनी तिची ओटी भरली.

कागदपत्रं घेऊन आलेले दीनानाथराव दारातच थांबले.

"अहो सोजरबाई, हाडांची कोणी ओटी भरतं का?"

"लेक निघाली की भरत्यात, साहेब. हिचं इथं दुसरं कोन हाय?"

"विमानतळावर अडवतील. हाडांखेरीज काहीही जाता कामा नये. काढा ते सगळं."

सोजरबाईंनी नारळ काढला. तांदळाचा दाणा न् दाणा वेचला. हिरवा खण मात्र उलगडून त्यांनी हाडांवर पांघरला.

"तोही काढा."

सोजरबाईंनी भिंतीवरच्या, प्रदर्शनातल्या तिच्या फोटोकडे बोट दाखवलं. वीस वर्षं तो फोटो रोज त्याच पुसत होत्या.

"थितं तिला उघडीच हुबी केलीया, साहेब. आता आईच्या दारातबी तशीच धाडायची?"