शेवट सुन्न करतो

“‘शेवट सुन्न करतो,’ असं लिहिलंत तुम्ही ब्लॉगवर. खरंच आवडला?” फोनवरच्या म्हाताऱ्या लेखकाने विचारलं.

“फारच,” मी म्हणालो.

पूर्वी मी प्रत्येक पुस्तक दोनदा वाचून, टिपणं काढून लिहायचो. आता आठवड्याला सहा पुस्तकं येतात. पहिली चाळीस पानं चाळतो, मलपृष्ठ बघतो आणि ठोकून देतो. याचंही तसंच केलं होतं. बेटावरच्या दीपगृहात अडकलेला राखणदार, बदली माणसाची वाट बघणारा.

“मग येताय ना?”

प्रकाशन समारंभ असणार. “येतो की!”

पलीकडे लांब सुस्कारा ऐकू आला. “सुटलो बाबा. तीस वर्षं कुणी हो म्हटलं नव्हतं.” फोन बंद झाला.

मी पुस्तक काढलं. चाळिसाव्या पानापुढची सगळी पानं न कापता जोडलेलीच राहिली होती. ती स्टीलच्या पट्टीने सोडवत शेवटच्या पानावर आलो. तिथे एकच वाक्य होतं: ‘वाचक आपणहून येतो म्हणाला, की दिवा त्याच्या हवाली करून मी घरी जाईन.’

मी राहतो सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली भरतीच्या लाटा आपटू लागल्या होत्या.