दार बंद ठेवून

"हे आपलं घर?" आईने विचारलं.

"हो. शंभरपट लहान," मुलगी म्हणाली.

वाऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर साबणाच्या वडीएवढं घर होतं. वर छताजवळ पिंपाएवढा जाड पाइप तोंड खाली करून टांगलेला. झडप उघडली की त्यातली हवा सरळ टेबलावर आदळायची आणि फरशीवर बादली ओतावी तशी चहूकडे पसरायची. त्या दुपारी ढगातून वारा असाच कोसळला होता.

वाळत घातलेले कपडे आत घ्यायला आईने दार उघडलं. वारा घरात घुसला, छप्पर उचललं गेलं आणि तुळई पलंगावर आली. पलंगावर वडील झोपले होते. चार कपड्यांपायी दार उघडलं नसतं तर? चार महिने आई हेच विचारत होती. जेवण जवळजवळ सुटलंच होतं.

"मला खरं काय ते सांग," आई म्हणाली. "समोरच्याला बरं वाटेल तेच बोलायची तुझी लहानपणापासूनची खोड."

"मी बोलणारच नाही. काय बोलायचं ते वाराच बोलेल."

मॉडेल बनवणारे म्हातारे मिस्त्री हसले. "वहिनी, ताईंपुढे इथे कुणाचं काही चालत नाही. वाऱ्याचंसुद्धा."

आईने चष्मा लावला आणि वाकून नखाने ते इवलंसं दार दाबून पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

"पक्कं लागलंय," ती म्हणाली. "सोडा."

मिस्त्रींनी झडप ओढली. गादी आपटावी तसा आवाज झाला. छप्पर उडून टेबलाच्या कडेला पडलं. दार होतं तसंच बंद होतं.

आईने वाकून ते दार पुन्हा नखाने दाबून पाहिलं.

"म्हणजे मी दार उघडलं नसतं तरी..."

"तरी."

आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "इथे खायला काही मिळतं का गं? पोटात कावळे ओरडतायत."

"खाली कँटीन आहे. तू हो पुढे, मी आलेच."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली. मग मिस्त्रींनी छप्पर उचलून भिंतींवर बसवलं आणि डिंकाच्या बाटलीचं झाकण काढलं.

"आता पुन्हा चिकटवतो, ताई," ते म्हणाले. "सकाळी दार बंद असताना सातही वेळा छप्पर जागचं हललं नव्हतं."