ट्रकखालचा थेंब

"बुढ्याचे सांधे ढिले झाले," मिलिटरीतून आलेल्या जुन्या ट्रकमधून तेल गळू लागल्यावर खेमसिंग म्हणाला. तीन दिवस खपून त्यानं नवं पॅकिंग बसवलं आणि बायकोला बजावलं, "उद्या खाली थेंब दिसला, तं विहिरीजवळचं वावर विकून नवा ट्रक घ्यावा लागन." त्याच वावरातला कापूस वेचण्यात चंदाबाईचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिनं ट्रकखालची जमीन स्वच्छ सारवली. सकाळी पाहते तर तेलाचे चार थेंब! खेमसिंगनं वावराचे कागद काढायला घेतले. तिनं थेंबात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि तिला हसू आवरेना. "अवो, हे तं आपल्या फोडणीचं जवसाचं तेल हाय!" ओट्यावर गुडघे चोळत बसलेली सासू म्हणाली, "बुढ्याचे सांधे ढिले झाले म्हणे. गुडघ्यांले लावते तेच त्याले लावलं." चंदाबाईनं हसतच कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली.