तिसरा डबा

चिखलातून तिचा डबा निघाला तेव्हा तिने तो आधी हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडलं. आत जेवण असायला हवं होतं. होती डिस्क, गढूळ पाण्यात बुडालेली.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिचं. चार हजार माणसांच्या पायांची मापं तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये, आणि तळमजल्यापासून नदी दोन गल्ल्यांवर. म्हणून दर शुक्रवारी ती सगळ्या मापांची प्रत डिस्कवर घ्यायची, डिस्क स्टीलच्या डब्यात घालायची आणि टेकडीवरच्या आत्याकडे नेऊन ठेवायची. येताना आधीच्या आठवड्याचा डबा परत आणायची. कारखान्यात तिचं नाव पडलं होतं शुक्रवारबाई. हौसेने एकाच मापाचे तीन डबे घेतले होते तिने. दोन डिस्कचे, तिसरा जेवणाचा.

गेल्या शुक्रवारी शिपायाच्या निरोपाचं जेवण होतं, त्यामुळे तिचा डबा भरलेलाच राहिला. तोच ती वर घेऊन गेली, आणि डिस्क टेबलाच्या खणात राहिली. आत्याकडून आणलेला जुना डबा तिने शनिवारी न उघडताच सर्व्हरच्या कपाटात ठेवला. परवा पुरात कपाट आडवं झालं. डबा कुठे वाहून गेला, देव जाणे.

"तुझा डबा आहे ना वर?" गुडघाभर चिखलातून साहेब हसले. "मग कसली काळजी! उस्तादांना बरोबर घे आणि घेऊन ये."

तिने लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली, चिखलाचा डबा हातात घेतला.

उस्ताद म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. त्यांचा डावा पाय त्यांनी स्वतःच घडवलेला. बस बंद होती, तरी ते टेकडी चढायला निघाले. अर्ध्या वाटेवर तिला राहवलं नाही. लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून ती रस्त्यातच उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"चार हजार माणसं, उस्ताद. कुणी कुठून कुबड्यांवर आलं होतं माप द्यायला. माझ्यामुळे सगळ्यांना परत यायला लागणार."

उस्ताद पुन्हा चढू लागले. चढता चढताच म्हणाले, "निघालोच आहोत तर आत्याच्या हातचा चहा तरी घेऊ."

आत्या दारातच उभी होती. सारा जन्म शिवणकामात गेलेला, टेप अजून गळ्यातच. भाचीला पाहताच तिने तोफ डागली.

"आलीस? सोमवारी फोन केला तर म्हणे, 'नंतर, आत्या, कामात आहे.' अगं, डब्यात जेवण घालून आणतेस आणि बस चुकेल म्हणून पळत सुटतेस! माझं ऐकशील तर शपथ."

"चुकलंच, आत्या. ते जेवण टाकून दिलंस ना?"

"मी कशाला टाकू? झाकण उघडलं, आत भात दिसला. म्हटलं, हिचं डोकं काही ठिकाणावर नाही. लावलं झाकण आणि तुझा तुला परत दिला."

तिने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी कपाळावर हात मारला.

"तरी मी सोमवारी म्हणत होतो, कपाटातून आंबूस वास येतोय! तर या बाई म्हणे, यंत्राला कसला वास, तुमच्याच प्लास्टरचा असेल."

"मग जुना डबा?" तिने विचारलं.

"आहे की. नवा आल्याशिवाय जुना हलवायचा नाही, हे तूच मला पाढ्यासारखं घोकून घेतलंयस."

साड्यांच्या घडीखालून डबा निघाला. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि डिस्क जोडली. इतके महिने ती डिस्क वर नेत होती, खाली आणत होती. पण त्यातली मापं परत निघतात का, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. ते आता, तार जोडल्यावर, तिच्या ध्यानात आलं.

यादी उघडली. नावांमागून नावं सरकू लागली.

"नावांचं सोडा, बाई," उस्ताद म्हणाले. "माझ्या पायाचं माप काढा."

त्यांनी विजार वर गुंडाळली, कृत्रिम पाय उतरवून भिंतीला टेकवला आणि डावा गुडघा पुढे केला. आत्याने गळ्यातला टेप काढला, गुडघ्याखाली नीट फिरवला, चष्मा वर ढकलला.

"साडेतीस सेंटिमीटर."

पडद्यावर आकडा होता साडेतीस.

तिला रडू फुटलं. आत्याने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"गेल्या आठवड्याची नऊ माणसं तेवढी यात नसतील," डोळे पुसत ती म्हणाली.

"नऊच ना? त्यांच्या घरी मी जातो टेप घेऊन."

चहा होईतो सगळी मापं लॅपटॉपवर उतरली. तिने डिस्क काढून पिशवीत टाकायला घेतली, तर आत्याने मनगट धरलं.

"नवा आणलास?"

"नाही."

"मग ठेव इथेच."

डिस्क मुकाट्याने साड्यांखाली गेली. चिखलाचा डबा आत्याने तोवर घासून लख्ख केला होता. त्यात तिने वाटेसाठी जेवण भरलं. झाकण लावायच्या आधी मात्र डबा भाचीच्या नाकापुढे धरला.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "हे जेवण आहे."