मरणाची रजा

दहा वर्षांच्या आठ पोरींना रस्सीखेचीसाठी घडवायचा बारा वर्षांचा आराखडा मी समितीपुढे ठेवला. पहिलं पान वाचूनच अध्यक्ष उखडले.

"रस्सीखेच शिकवणार, आणि तीन वर्षं दोरीला हातच नाही?"

"नुसत्या ओढत राहिल्या तर विशीतच पाठ कामातून जाईल. आधी पोहू द्या, झाडावर चढू द्या, मनसोक्त झोपू द्या."

"पदक याच वर्षी हवंय, मास्तर. नाहीतर मैदान दुसऱ्या खेळाला देतो."

"मग दोरी तुम्हीच धरा."

"तुमचं वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"आणि बारा वर्षं पुरणार आहात का?"

"शेवटचं पान बघा. माझाही तक्ता आहे."

त्यांनी मोठ्याने वाचलं, "प्रशिक्षक : रोज तासभर चालणे, आठ तास झोप. मरणाची रजा तेराव्या वर्षी, तीही पोरींनी मंजूर केली तर."

अध्यक्षांना हसू आवरेना. मैदान मिळालं.

गेल्या वर्षी आराखड्याची बारा वर्षं भरली आणि पोरी जिंकल्या. मी शब्दाला जागून रजेचा अर्ज दिला. त्यांच्या कप्तानाने तो वाचला, उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मागची बाजू कोरी आहे, आजोबा. नव्या आठ जणी आल्यात."