बरणीतली बटणं

शिंपीणबाईंनी बरणी उपडी करून बटणं कापड बेतायच्या टेबलावर ओतली आणि सहा-सहाच्या ओळी लावल्या. चार ओळी झाल्या. म्हणजे दोन डझन. वर्षाचा नेम पुरा.

आनंद व्हायला हवा होता. त्यांनी परत मोजली.

नेम साधाच होता. वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचून संपलं की सुट्या बटणांच्या डब्यातलं एक बटण बरणीत टाकायचं. लेकीने मोबाइलमध्ये मोजदादीचं काहीतरी घालून दिलं होतं, पण ते दर चार दिवसांनी ‘तुम्ही मागे पडला आहात’ असं सुनवायचं. सुनवायला गिऱ्हाइकं काय कमी होती? बटण बिचारं काही बोलत नाही.

दुपारी लेकीचा फोन आला होता. “आई, वर्ष संपलं की. झाली का दोन डझन? नुसता आकडा नको हं, नावं सांग. मलाही वाचायचीत.”

म्हणून बाई अस्तराच्या तुकड्यावर खडूने रेघा मारत बसल्या होत्या. आठवेल त्या पुस्तकाला एक रेघ. दीपगृहातल्या दोघी बहिणी. चोऱ्या करणारा न्हावी. ते बोटीचं, रडवणारं. करत करत अठरापर्यंत आल्या आणि गाडी अडली. उठून मशीनला तेल घातलं, गरज नव्हती तरी. परत बसल्या. अठराच.

सहा पुस्तकं कुठे गेली? नाव नाही, गोष्ट नाही, त्यातलं एखादं माणूससुद्धा नाही?

त्यांची आई शेवटी शेवटी दारातल्या स्वतःच्याच चपलांकडे बघून “कोण आलंय गं?” म्हणून विचारायची. तिचीही सुरुवात अशीच कशाने तरी झाली असणार. कशाने, ते काही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक बटण उचलून रेघांवर ठेवू लागल्या. पांढरं, काळं, तपकिरी. मग हाताला खरखरीत लागलं. उजेडात धरलं तर वर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. तसंच आणखी एक, निळ्या ठिपक्याचं. आणखी एक.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली. “जरा बाहेर या.”

नवरा आला. घरं रंगवायचा त्याचा धंदा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा नखांत कालचा रंग. टेबल बघून दारातच थबकला.

“माझ्या बरणीला हात लावलात?”

“मी कशाला लावू?”

“मग हे बटण पिवळं कशाने पडलंय? कावीळ झालीय?”

तो हसला आणि मग ओशाळला. “तुझं पुस्तक संपलं की परत द्यायच्या आधी दोन-तीन दिवस पिशवीत पडून असतं. कामावर न्यायचो. रंगाचा एक हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही ना. तेवढ्यात वाचायचो. संपलं की मीही बरणीत एक टाकायचो.”

“लग्नापासून औषधाच्या बाटलीशिवाय काही वाचलेलं बघितलं नाही मी तुम्हाला.”

“तू वाचताना हसतेस,” तो म्हणाला. “काय झालं विचारलं की म्हणतेस, काही नाही. मला बघायचं होतं, काही नाही म्हणजे काय असतं ते.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. “मग मला सांगायचं की.”

“म्हणाली असतीस, तुमची धरायची नाहीत.”

ते खरं होतं.

त्याने ठिपक्यांची बटणं आपल्या बाजूला ओढली. प्रत्येक ओढताना गोष्ट सांगत गेला. न्हावी कसा सापडला, बहिणींनी दिवा का विझवला. बोटीचं सांगताना त्यानेही बाहीने डोळे पुसले. पाच झाली. बाकीची अठरा रेघांवर गेली.

मध्ये एक उरलं.

गर्द हिरव्या कापडाने मढवलेलं. बाईंनी ते बोटाने पुढे सरकवलं. “आणि हे?”

रंगाऱ्याने बटणाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती रेघा परत मोजत होती.

“ते पण माझंच,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बटणं बाईंनी स्वतः मढवली होती. एक जास्तीचं झालं, ते खणात टाकलं होतं, तेवढं आठवत होतं. खणाला कुलूप. किल्ली एकच, ती त्यांच्या गळ्यात. हात आपोआप तिकडे गेला. होती.

“कुठलं पुस्तक?”

“ते... जाडं होतं.”

“गोष्ट काय होती?”

फोन वाजला. लेकीचाच असणार. दोघांपैकी कुणी उठलं नाही. वाजून वाजून थांबला.

रंगाऱ्याने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. नखातला रंग खरवडत थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला, कामाला हात घालण्यापूर्वी बघायचा तसा.

“एक घर असतं,” त्याने सुरुवात केली. “दोघंच राहत असतात. घराला कुठला रंग द्यायचा, तेच त्यांचं ठरत नसतं.”

बाईंनी बटण मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले. यातलं काहीतरी ओळखीचं लागेल, म्हणून कान देऊन ऐकू लागल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पुढे?”